पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर

मोटारीला पोट असते, ही गोष्ट शहरात राहणाऱ्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. पुण्यासारख्या गावात घरातून बाहेर पडावे, दोन चौक ओलांडावेत, की पंप हजर! त्यामुळे आपण पेट्रोल लिटरांत मोजतच नाही, रुपयांत मोजतो. ‘पाचशेचे टाका’ म्हणतो, पंपावरचा मुलगा ‘शून्य बघा’ म्हणतो, आपण शून्याकडे बघतो आणि मग मोबाइलकडे बघतो. पाचशे रुपयांत किती लिटर आले, ते किती किलोमीटर पुरतील, आपल्या गाडीच्या टाकीत एकूण किती मावते, असले प्रश्न ज्याला पडतात तो गृहस्थ एकतर वाहनाच्या धंद्यातला तरी असतो, नाहीतर अतिशय काटकसरी तरी. मी मराठी शिकवणारा माणूस. यमक आणि अलंकार मोजण्यात माझी हयात चालली आहे. पण २०२२ च्या जून महिन्यात आम्ही मोटारीने लेहला गेलो आणि त्या प्रवासात एका लिटरचे वजन मला प्रथमच कळले.

आमची गाडी म्हणजे हल्ली जिला कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात ती. नाव भारदस्त, अंगकाठी आटोपशीर. या जातीच्या गाड्या आपल्याकडे एवढ्या कशा झाल्या याचे मूळ २००६ च्या अर्थसंकल्पात आहे. चार मीटरच्या आत लांबी आणि लहान इंजिन असलेल्या मोटारींवरचे उत्पादनशुल्क त्या वर्षी कमी झाले, आणि कारखानदारांनी शिंप्याच्या कौशल्याने उंच, ऐटबाज गाड्या चार मीटरच्या आत बेतायला सुरुवात केली. कापड मोजके म्हटल्यावर कुठेतरी खिसा लहान होणारच. ही टाकी मागच्या बाकाखाली बसवलेली असते. तेथे जेवढी जागा तेवढीच ती. २०१३ मध्ये आलेल्या फोर्ड इकोस्पोर्टची टाकी ५२ लिटरची होती. मारुती ब्रेझाची ४८, टाटा नेक्सॉनची ४४. आमच्या गाडीची ४५. म्हणजे सगळ्याच बहिणी एका मापाच्या. कुणाच्या पदरात दोन लाडू जास्त, एवढेच.

हे आकडे मला पाठ झाले ते अण्णांमुळे. अण्णा म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे थोरले बंधू. एस.टी.त चालक म्हणून तीस वर्षे काढून ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. एस.टी.त दर दहा लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर चालली याचा हिशेब ठेवतात. त्या हिशेबाची सवय अण्णांच्या हाडीमासी खिळलेली. प्रवासाला निघताना आम्ही चिवडा, लाडू, स्वेटर आणि औषधे घेतली; अण्णांनी एक शंभर पानी वही घेतली आणि तिच्यावर रेघा मारून चार रकाने पाडले : तारीख, किलोमीटर, लिटर, शेरा.

“अण्णा, गाडीत हे सगळे पडद्यावर दिसते,” आमचे चिरंजीव म्हणाले. ते अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होते.

“दिसतं ते तुला,” अण्णा म्हणाले. “मला लिवल्याबिगर दिसत न्हाई.”

पुणे ते मनाली हा दोन हजार किलोमीटरचा प्रवास आम्ही पाच दिवसांत केला. धुळे गेले, इंदूर गेले, आग्रा गेले, चंडीगड गेले. त्याचे वर्णन करण्याचे कारण नाही. रुंद रस्ता आणि टोलनाके यांखेरीज त्यात फारसे काही नव्हते. पण वाटेत दर पंपावर अण्णांचे एक वर्गाध्यापन होई, ते मात्र सांगितले पाहिजे.

पहिला धडा बाणाचा. गाडीतल्या पेट्रोलच्या काट्याजवळ पंपाचे इवलेसे चित्र असते आणि त्याच्या कडेला एक टिचभर बाण. झाकण गाडीच्या कोणत्या अंगाला आहे ते तो बाण दाखवतो. कित्येक वर्षे मोटार चालवणाऱ्यांनाही तो ठाऊक नसतो. ही युक्ती फोर्ड कंपनीतल्या जिम मॉयलन नावाच्या एका नोकरदाराची. १९८६ मध्ये कंपनीच्या गाडीत पेट्रोल भरायला तो पावसात उतरला, तर झाकण पलीकडच्या बाजूला. भिजून परत आल्यावर त्याने एक टिपण लिहून वरिष्ठांना दिले, आणि १९८९ च्या गाड्यांपासून तो बाण दिसू लागला. ही कथा चिरंजीवांनी सांगितली. अण्णांनी मान डोलावून ‘शाणा माणूस’ एवढा शेरा दिला.

दुसरा धडा ‘ऑटो कट’चा. टाकी भरत आली की पंपाची नळी खट्कन आपोआप बंद होते. त्यात वीज नाही की विद्या नाही. नळीच्या टोकाशी एक बारीक भोक असते. पेट्रोल वाहत असताना त्या भोकातून हवा आत ओढली जाते. टाकीतले पेट्रोल वर येऊन भोक बुजले, की हवा खुंटते, आत पोकळी होते आणि त्या ओढीने खटका पडतो. खटका पडल्यावर आपल्याकडचा पंपावरचा मुलगा हमखास विचारतो, “राउंड फिगर करू का?” आणि आपणही सुट्ट्या पैशांच्या कटकटीतून सुटण्यासाठी ‘कर’ म्हणतो.

अण्णा मात्र हात आडवा घालीत. “खटका पडला, जेवण झालं. आग्रहाचा घास नको.”

याचे शास्त्रीय कारण चिरंजीवांनी दिले. पेट्रोल उन्हाने फुगते. एका अंशामागे हजारात सुमारे एक भाग. म्हणजे गार पेट्रोलाने भरलेली ४५ लिटरची टाकी वीस अंशांनी तापली, तर आत जवळजवळ एक लिटर पेट्रोल वाढते. ते मावायला टाकीत वर जागा ठेवलेली असते. शिवाय पेट्रोलची वाफ टिपून घेण्यासाठी कोळशाचा एक डबा जोडलेला असतो. काठोकाठ भरले की पातळ पेट्रोल त्यात शिरून तो निकामी होतो. म्हणजे टाकी रिकामी दिसते तिथेही ती कामाची असते. वहीच्या समासाबद्दल मी विद्यार्थ्यांना हेच सांगत आलो आहे.

मनालीच्या पुढे अटल बोगदा लागतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी तो वाहतुकीला खुला झाला. नऊ किलोमीटरांच्या या बोगद्याने रोहतांगची चढण आणि ४६ किलोमीटर रस्ता वाचवला. अलीकडे देवदार, ढग आणि हिरवळ; पलीकडे बाहेर पडलो तो उघडे डोंगर आणि खाली चंद्रा नदी. तिच्या काठाने आम्ही तांदीला पोचलो.

तांदी हे तसे लहानसे ठिकाण. येथे चंद्रा आणि भागा यांचा संगम होतो. दोघी निघतात एकाच बारालाचा खिंडीच्या दोन अंगांनी, डोंगरांना वळसे घालीत वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि येथे भेटतात. पुढे त्यांचे नाव चंद्रभागा. तीच पुढची चिनाब. चंद्रभागा हे नाव ऐकताच आमच्या सौभाग्यवतींनी हात जोडले. आपल्या पंढरीची चंद्रभागा म्हणजे भीमा. गावाशी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला ते नाव. या दोन नद्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मी सांगणार होतो. पण हात जोडलेल्या माणसाला भूगोल सांगू नये. मी गप्प राहिलो.

याच तांदीला पेट्रोलचा पंप आहे आणि त्या पंपावर ती प्रसिद्ध पाटी आहे : पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. येणारे-जाणारे तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. ३६५ म्हणजे वर्षाचे दिवस. जणू एका वर्षाची बेगमी करून पुढे जा, असे कुणी बजावत आहे. आम्ही गेलो तेव्हा लेहच्या अलीकडे सुमारे ३५ किलोमीटरांवर कारूला पंप होता, पण पाटीने तो धरलेला नव्हता. अण्णांना पाटी फार आवडली.

“पाटी लिवणारा आपल्यातला हाय,” ते म्हणाले. “जास्तच सांगतो, कमी न्हाई सांगत.”

उंचीची सवय व्हावी म्हणून तांदीपुढे आठ किलोमीटरांवरच्या केलाँगला आम्ही दोन रात्री काढल्या. केलाँग दहा हजार फुटांवर आहे. तेथे दुसऱ्या संध्याकाळी घरात लढाई जुंपली. आल्या दिवशी टाकी भरली होती. नंतर आसपास हिंडण्यात साडेतीनएक लिटर पेट्रोल जळले होते. अण्णांचे म्हणणे, तांदीला परत जाऊन टाकी पुन्हा भरून आणू.

“अण्णा, तू साडेतीन लिटरसाठी सोळा किलोमीटर फेरी मारणार?” सौभाग्यवती म्हणाल्या. “लिटरभर त्यातच जाईल!”

“जाईना. जाताना जळंल ते तिथं भरून निघंल. येताना जळंल ते अर्धा लिटर. उद्या पहाटं साडेतीन कमी घिऊन निघायचं का अर्धा कमी घिऊन, एवढंच सांग.”

या गणिताला उत्तर नव्हते. अण्णा आणि चिरंजीव गेले आणि भरून आले. डबा घेऊन जावे की नाही, हा वाद पुण्यातच मिटला होता. पुष्कळ लोक या वाटेवर डब्यांतून जादा पेट्रोल नेतात. अण्णांनी ते साफ नाकारले होते. उंचावर हवेचा दाब उतरतो. आमची चिवड्याची पाकिटे केलाँगलाच उशीसारखी फुगली होती. तसेच प्लॅस्टिकचे डबे फुगतात, पाझरतात. माणसे आणि सुटे पेट्रोल एका छपराखाली नको, हा त्यांचा नियम. हिशेबही सोपा होता. लेह साडेतीनशेच्या वर थोडे. घाटात गाडी लिटरला दहा जरी चालली तरी ३६ लिटर पुरे. टाकीत ४४. उरलेले आठ लिटर हा समास.

पहाटे पाचला निघालो. दारचा मागे पडले आणि चढण लागली. गाडीच्या पडद्यावर ‘शिल्लक पेट्रोलात एवढे किलोमीटर जाल’ असा आकडा दिसतो. निघताना तो ६३० होता. बारालाचा खिंडीत, सुमारे ४,९०० मीटरांवर, दोन्ही अंगांना बर्फाच्या भिंती उभ्या असताना तो ३९० वर आला. ऐंशी किलोमीटरांत अडीचशेची घट! सौभाग्यवतींनी आकड्यावरची नजर काढून रामरक्षा सुरू केली. पुढे उतरण लागली आणि सरचू येईपर्यंत तोच आकडा ४४० झाला. पेट्रोल वाढत नव्हते. तो यंत्राचा स्वभाव आहे. गेल्या काही किलोमीटरांत गाडी जशी चालली तशीच पुढेही चालेल, असे धरून ते गणित मांडते. चढावर ते निराश होते, उतारावर आशावादी.

काट्याचेही तसेच. टाकीत एक तरंगता गोळा असतो. तो पातळीबरोबर वरखाली होतो आणि त्याची दांडी काट्याला खबर देते. चढावर टाकीतले पेट्रोल मागे सरते, उतारावर पुढे; गोळा बिचारा त्याच्यासह हिंदकळतो. म्हणून अण्णा सपाटी आल्यावरच काटा बघत आणि वहीत लिहीत.

सरचूला हिमाचल संपते आणि लडाख लागते. मग गाटा लूप्सची एकवीस वळणे, नकी ला, लाचुंग ला. एकेक खिंड पार होताना झाड नाही, गवत नाही, पाखरू नाही. डोंगर मात्र असे रंगवलेले, की कुणी हळद, कुंकू आणि गुलाल यांच्या राशी ओतून ठेवल्या आहेत असे वाटावे. दुपारी पांगला तंबूत गरम भात-राजमा खाल्ला. त्यानंतर मोरे मैदान लागले. १५,००० फुटांवर चाळीस किलोमीटर लांबीचे सपाट पठार! घाटांनी पिळून निघालेल्या माणसाला तेथे वाटते, की देवाने डोंगर घडवता घडवता दुपारची विश्रांती घेतली असावी.

मैदान संपत आले तेव्हा रस्त्याकडेला एक मोटारसायकल उभी दिसली. शेजारी एक तरुण जोडपे. आम्ही थांबलो. केरळातले होते, नुकतेच लग्न झालेले. मनालीहून भाड्याने मोटारसायकल घेऊन निघाले होते. जादा पेट्रोलचा प्लॅस्टिकचा डबा मागे बांधला होता. तो खडबडीत रस्त्यावर तडकून केव्हा रिकामा झाला ते कळले नव्हते. त्यातून एका ओढ्यात दोघांचे बूट भिजलेले. दुपारी ओढ्यांना बर्फवितळीचे पाणी वाढते. वारा असा, की सुया टोचाव्यात. ती मुलगी थरथरत होती. ओठ निळसर झाले होते.

“पाच लिटर द्या, काय असतील ते पैसे देतो,” तो हिंदीत म्हणाला.

अण्णांनी काटा बघितला. टाकीत वीस-बावीस लिटर होते. कारू नव्वद किलोमीटर. पाच काय, आठ लिटर दिले असते तरी आम्ही सुखाने पोचलो असतो. चिरंजीवांनी रबरी नळी शोधून काढली. अण्णा म्हणाले, “तरुणपणी डिझेल तोंडानं ओढून काढलंय मी.” नळी झाकणातून आत सरकवली. हातभर गेली आणि अडली. फिरवली, वाकवली, काढून पुन्हा घातली. पुन्हा अडली. नव्या गाड्यांच्या नळकांड्याला तोंडाशी झडप, आत वळणे आणि पुढे जाळी असते. पेट्रोल चोरीला जाऊ नये, गाडी उलटली तर सांडू नये, म्हणून. चोराला अडवणारी झडप दात्यालाही अडवते. बावीस लिटर पेट्रोल आमच्या पायांखाली होते आणि त्यातले चमचाभर त्या मुलाला देता येत नव्हते.

मला त्या क्षणी खरोखर लाज वाटली. श्रीमंताला रिकाम्या हाताने परत पाठवताना वाटत असेल, तशी.

“मुलीला घेऊन जाऊ,” मी म्हणालो. एक जागा होती. पण ती तयार होईना. नवऱ्याला या माळावर एकट्याला टाकून ती येणार नव्हती. आणि तो मोटारसायकल टाकून येईना. परक्याची वस्तू, अनामत ठेवलेली. दोघांचेही खरे होते. तीन वाजून गेले होते. सूर्य डोंगराआड गेला, की तेथे काय होते ते सांगायला नको.

अण्णांनी निर्णय घेतला. “पोरीला गाडीत बसवा. मोजे काढा तिचे. इंजन चालू ठेवा, हीटर लावा, काच बोटभर उघडी ठेवा. म्या रस्त्यावर हुबा ऱ्हातो. ड्रायव्हर माणूस ड्रायव्हरला थांबवतोच.”

आणि तो तीस वर्षे एस.टी. चालवलेला साठीचा माणूस मफलर बांधून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. आम्ही त्या मुलीला मागच्या बाकावर बसवले. सौभाग्यवतींनी तिचे पाय आपल्या शालीत घेतले, थर्मासमधला चहा दिला, लाडू दिला. भाषा एकीची मल्याळम, एकीची मराठी. मध्ये हिंदीचा मोडका पूल. अर्ध्या तासाने तिच्या गालांवर रंग आला. मग तिने नवऱ्याला आत बोलावले. दोघे आळीपाळीने ऊब घेऊ लागली. इंजिन मंद गुणगुणत होते. गाडी एक इंचही हलत नव्हती आणि पेट्रोल जळत होते. पडद्यावरचा आकडा हळूहळू उतरत होता. त्याच्याकडे त्या दिवशी प्रथमच कुणी बघत नव्हते.

लेहकडे जाणाऱ्या दोन गाड्या थांबल्या. दोन्हींत जागा नव्हती. दीड तासाने एक पिकअप आला. पांगच्या तंबूवाल्यांना माल पोचवून लेहला परतत होता, मागे मोकळा. अण्णा चालकाशी दोन मिनिटे बोलले. काय बोलले ते मला कळले नाही. चालक लडाखी, अण्णा कराडचे. पण पाचव्या मिनिटाला मोटारसायकल पिकअपमध्ये चढली होती आणि अण्णा स्वतः दोरखंडाच्या गाठी तपासत होते. मुलगा पिकअपमध्ये, मुलगी आमच्या गाडीत. पिकअप पुढे, आम्ही मागे.

तांगलांग ला ५,३२८ मीटरांवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकीत चढली, आम्हीही बसल्या जागी तेच केले. मग उतरण, रुमत्से, उपशी, सिंधू नदी, आणि रात्री आठला कारूच्या पंपाचे दिवे. दिवे बघून मला मंदिराचा कळस दिसल्यासारखे झाले, असे लिहिले तर अतिशयोक्ती अलंकाराचा दोष माझ्यावर येईल. पण सौभाग्यवतींनी तेथेही हात जोडले, हे खरे.

आज हा प्रवास करणाराने आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. आम्ही गेलो तेव्हा देशातल्या पेट्रोलात सुमारे दहा टक्के इथेनॉल होते. २०२५ मध्ये ते प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. त्यातले काही उसातून येते, म्हणजे आपल्या सातारा-कोल्हापूरकडच्या रानाशीही त्याचे नाते आहे. पण एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते. टाकी तेवढीच राहिली तरी तिची पोच थोडी आखडते. तेव्हा समास थोडा मोठा ठेवावा.

कारूला आमच्या टाकीत ३२ लिटर पेट्रोल गेले. खटका पडला; अण्णांनी हात आडवा केला. मोटारसायकल पिकअपमधून उतरवून तो मुलगाही रांगेत उभा राहिला. टाकी भरून झाल्यावर तो अण्णांकडे आला आणि पाकीट काढून म्हणाला, “आमच्यासाठी तुमचे किती पेट्रोल जळले, तेवढे तरी घ्या.”

अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “बेटा, वो हमारा नहीं था. वो ज्यादा का था.”

पुढे त्यांची मोटारसायकल आणि मागे आमची गाडी अशी वरात लेहला पोचली. रात्री मुक्कामाच्या खोलीत अण्णा वही काढून बसले. तारीख घातली. किलोमीटर घातले. लिटरच्या रकान्यात ३२ लिहिले. मग बराच वेळ पेन्सिल कानाशी धरून, एस.टी.च्या हिशेबात ज्याला जागा नसते अशी एक नोंद त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात केली :

‘यांपैकी दीड लिटर गाडी उभी असताना. बरोबर.’